म्युनिकमध्ये तीन वर्षांच्या मुलीसाठी काय निवडावं, जर्मन किटा की इंग्लिश प्रीस्कूल?

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला काय समजलं ते आधी थोडक्यात लिहिते, काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही मूळच्या माशेलच्या, मिस्टरांच्या नोकरीमुळे चार महिन्यांपूर्वी म्युनिकला गेलात, कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं, नंतर बहुतेक परत गोव्याला. मुलगी सप्टेंबरात तीन पूर्ण करेल. घरी मराठी, आजीआजोबांशी व्हिडिओवर कोंकणी. घराजवळच्या किटात, म्हणजे तिथल्या पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळतेय पण तिथे सगळा कारभार जर्मनमध्ये आणि मुलं "दिवसभर नुसती खेळतात". दुसरं, ट्रेनने पाऊण तासावर एक प्रायव्हेट इंग्लिश प्रीस्कूल, तिथे फोनिक्स (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणं), आकडे, वर्कशीट सगळं आहे, फी मात्र भरमसाट. आणि सासूबाई म्हणतात की तीन वर्षांचा तर प्रश्न, घरीच ठेव, इथे आल्यावर इथल्या शाळेत घालू. तुमची भीती अशी की जर्मन शिकून पुढे उपयोग काय आणि परत आल्यावर पोर मागे पडली तर.

मी फोंडा भागात बालवाडीची आणि केजीची मुलं शिकवते, इतकी वर्षं झाली की माझ्याकडे शिकलेल्यांची मुलं आता माझ्याकडे येतात. आपल्याकडे बाहेर जाणारे काही कमी नाहीत, दुबई कतारपासून इंग्लंडपर्यंत, त्यामुळे वर्गातून जाणारी आणि दोन चार वर्षांनी परत येणारी मुलं हे माझ्यासाठी नेहमीचंच झालंय. शिवाय माझी मोठी मुलगी श्टुटगार्टजवळ राहते आणि नातू किटात जायला लागला तेव्हा मी तिथेच होते, म्हणजे तिकडची बाजूही थोडी डोळ्यांनी पाहिलीय.

तुम्ही भाषेवरून निवड करताय आणि तिथेच मला थोडं थांबवावंसं वाटतं. तुमच्या मुलीच्या बाजूने बघा ना. तिच्या भाषा दोन, मराठी आणि कोंकणी. तिच्यासाठी इंग्लिश जेवढं परकं तेवढंच जर्मन परकं. इंग्लिश आपल्याला जवळचं वाटतं कारण आपण ते शिकलोय, तिला "म्हाका उदक जाय" (मला पाणी हवं) एवढंच येतं आणि ते दोन्हीकडच्या टीचरला कळणार नाही. म्हणजे तिला कुठेही घातलं तरी पहिले काही महिने तिला न कळणाऱ्या भाषेतच काढायचे आहेत. मग प्रश्न असा उरतो की त्या महिन्यांत ती कोणत्या बाईच्या हातात असेल, रस्त्यात किती दमेल, आणि रडायला लागली तर तुम्ही किती वेळात तिथे पोचाल. चार महिन्यांपूर्वी या पोरीचं आजी, अंगण, शेजारपाजार सगळं एका विमानप्रवासात सुटलंय, हे विसरू नका. मला विचाराल तर घराजवळचा किटा, पण काही गोष्टी तिथे जाऊन बघितल्यावरच, त्या पुढे लिहिते.

आधी मागे पडण्याच्या भीतीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त तीच दिसली. जर्मनीत शाळा सुरू होते ती साधारण सहाव्या वर्षी आणि लिहायला वाचायला तिथेच शिकवतात, किटात नाही. म्हणजे तुमच्या किटातली बाई अक्षरं शिकवत नाही त्यात तिचा आळस नाही, पद्धतच तशी आहे आणि विचार करून केलेली आहे. आणि आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, पहिलीचं वय सहा, आणि त्याआधीची तीन वर्षं खेळातून शिकण्याची. गोव्यात या टप्प्याची सुरुवात २०२३-२४ पासून झाली. म्हणजे तुमची मुलगी सहा वर्षांची होऊन परत आली तर ती बरोबर पहिलीच्या दारात असेल, कुठलं वर्ष बुडालं असं होणारच नाही.

आता कोणी म्हणेल कागदावर काही असो, आमच्याकडे केजीतली मुलं ए टू झेड लिहितात, स्पेलिंग पाठ असतात. खरंय, पुष्कळ ठिकाणी पालकांनाच ते हवं असतं. पण माझा अनुभव सांगते, ज्या मुलाचा हात मातीत, पाण्यात, कात्रीत, दोरीत वळलेला असतो आणि ज्याला गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची सवय असते त्याला सहाव्या वर्षी अक्षरं धरायला फार वेळ लागत नाही, थोडे महिने घरी कोणी बसून घेतलं की गाडी रुळावर. परत आलेल्या मुलांचं खरं अडतं ते दुसरीकडेच. ज्या मुलाची मराठी कोंकणी बाहेर राहून गेलेली असते ते वर्गात बसतं पण मधल्या सुट्टीत कोणाशी खेळायचं कळत नाही, आजीने हाक मारली तर आईच्या तोंडाकडे बघतं. ते भरून यायला अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त काळ जातो आणि मूल आतून दुखावतं. म्हणून घाबरायचंच असेल तर या गोष्टीला घाबरा, फोनिक्सला नको.

खेळण्याचं म्हणाल तर ते जर्मनांचं काही आजचं फॅड नाही. किंडरगार्टन हे नावच फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने १८४० मध्ये दिलं, त्याची पहिली संस्था त्याआधी १८३७ ला बाड ब्लांकेनबुर्गला निघाली होती. आणि आपल्या मराठीतही ही परंपरा आहे बरं का, ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला ते वाढलं, अनुताई वाघांनी आयुष्य त्यात घातलं. महागडी साधनं नव्हती, बिया, शंख, खडे, पानं हीच साधनं. मी जे शिकले ते या बायकांच्या कामावरून शिकले. तुमच्या किटाच्या अंगणात मुलं चिखलात बसून डबक्यात काठी ढवळताना दिसली तर वाईट वाटून घेऊ नका, तिथे मोजमाप चाललंय, भांडण सोडवणं चाललंय, भाषा चाललीय.

आता बघायला जाल तेव्हा काय बघायचं. सकाळी साडेनऊ दहाच्या सुमाराची वेळ मागून घ्या, दुपारी मुलं झोपलेली असताना नको, कारण तेव्हा सगळ्याच जागा शांत आणि सुंदर दिसतात. भिंतीवर लावलेली चित्रं बघा. सगळी एकसारखी असतील, प्रत्येकाचं फुलपाखरू त्याच रंगाचं, तर समजा की मोठ्यांनी करून घेतलीयत. वेडीवाकडी, निरनिराळी असतील तर चांगलं. एखादं मूल रडत असेल तर तिथेच उभं राहून बघा की मोठं माणूस काय करतं, खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं का लांबूनच "झालं, झालं" म्हणतं. आणि संडास बाथरूम दाखवा म्हणा, लाजू नका. डायपर किंवा चड्डी ओली झाली तर कोण बदलतं, ओरडतात का, दार कसं आहे, हे तीन वर्षांच्या मुलासाठी अभ्यासक्रमापेक्षा मोठं. आपल्याकडची किती मुलं शाळेत शू दाबून ठेवतात आणि मग त्रास होतो, मी सतत बघते.

जेवणाचंही तसंच, ताटातलं संपवायलाच लावतात का ते विचारा. मुलाला बळेच भरवणारी जागा मला चालत नाही, मग ती गोव्यातली असो की म्युनिकची. गोमांस, पोर्क चालत नसेल तर तोंडी सांगून सोडू नका, लेखी द्या. सकाळच्या ब्रोटसाइटसाठी, म्हणजे मधल्या खाऊच्या वेळेसाठी, बऱ्याच किटात डबा घरून न्यायचा असतो आणि त्यात गोड पदार्थ, चॉकलेट नको असतं. तुमची पोर शीत-कढी, मासे खाणारी, थंड पाव आणि चीज बघून पहिले दिवस उपाशी राहील असं तुम्हाला वाटणार. घरी आधीच महिनाभर सकाळचा एक खाऊ तसा करून बघा, काकडी, सफरचंद, पावाला लोणी, म्हणजे डबा उघडल्यावर तरी ओळखीचं काही दिसेल.

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं ते आइनगेव्योनुंगबद्दल, म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. हा जर्मन किटाचा खरा मोठा गुण आणि आपल्याकडे मला तो फार कमी दिसतो. आपल्याकडे जूनच्या पहिल्या दिवशी गेटवर मूल ओढून घेतात आणि आईला सांगतात मागे वळून बघू नका. तिथे बर्लिन मॉडेल म्हणून पद्धत पुष्कळ ठिकाणी पाळतात, पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर त्याच खोलीत बसतात, वेगळं करायचा प्रयत्नच नाही, मग चौथ्या दिवसाच्या आसपास आई थोडा वेळ बाहेर जाते आणि मूल त्या ठरलेल्या बाईकडून शांत होतं का ते बघतात. झालं नाही तर परत मागे. असे दोन, तीन, चार आठवडे जाऊ शकतात. नातवाच्या वेळी मी बघितलं, ती बाई पहिले दिवस त्याच्या जवळही गेली नाही, जमिनीवर बसून आपली गाडी इकडून तिकडे सरकवत राहिली, तिसऱ्या दिवशी तो स्वतःच गाडी घेऊन तिच्याकडे गेला. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला ते बघून भरून आलं.

तर विचारा, माझ्या मुलीची ठरलेली बाई कोण, ती आजारी पडली किंवा सोडून गेली तर दुसरी कोण, या वर्षी किती लोक बदलले. जर्मनीत किटांना माणसं मिळत नाहीयेत, मधेच फोन येतो की आज स्टाफ नाही, मुलाला लवकर न्या किंवा आणूच नका. तुम्ही सध्या घरी आहात म्हणून निभेल, पण पुढे नोकरी धरलीत तर याचा विचार लागेल. आणि मिस्टरांना म्हणावं रुळवण्याच्या काळात त्यांनीही सुट्टी काढावी, जर्मन बाप काढतात, कोणाला विचित्र वाटणार नाही. बऱ्याचदा बापाकडून निरोप घेताना मूल कमी रडतं.

इंग्लिश प्रीस्कूलवाल्यांनाही हेच सगळं विचारा, ते वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, हिवाळ्यात अंधारात, जॅकेट बूट चढवून. आणि मैत्रिणी झाल्या तरी त्या शहरभर पसरलेल्या. जवळच्या किटात जी मुलं भेटतात तीच संध्याकाळी घराजवळच्या खेळाच्या मैदानावर भेटतात, त्यांच्या आया तुम्हाला ओळखायला लागतात, आणि खरं सांगू, चार महिने नवीन शहरात घरात बसलेल्या आईलाही त्याची गरज असते. तुमच्या लिहिण्यात ते कुठेतरी जाणवलं म्हणून बोलते.

मग ती तिथे बोलणार नाही. हे आत्ताच मनाशी धरून ठेवा. नवीन भाषेत पडलेलं मूल काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतं. ते ऐकत असतं, साठवत असतं. त्या काळात बघायचं ते एवढंच की ती तिथे खेळतेय का, इशाऱ्याने का होईना हवं ते सांगतेय का, दुसऱ्या मुलांकडे बघून हसतेय का, आणि घरी पूर्वीसारखी बडबडतेय का. घरी बडबड चालू असेल तर काळजी नको. घरी पण बोलणं कमी झालं, झोप बिघडली, किंवा मुळात मराठीतही वयाच्या मानाने वाक्यं येत नसतील तर मात्र "जर्मनमुळे असेल" म्हणून थांबू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन तीन भाषांमुळे मुलाचं बोलणं बिघडत नाही, हे आजीआजोबांनाही सांगा, कारण पहिला दोष भाषेवरच जाणार.

आणि कृपा करून घरी तिच्याशी मोडकं जर्मन किंवा इंग्लिश बोलू नका. तुम्हाला कोणीतरी चांगल्या मनानेच तसा सल्ला देईल, तरीही नको. जर्मन तिला मुलांकडून मिळेल, तुमच्याकडून मिळायची ती मराठी, आणि आजीकडून कोंकणी. वर्षभरात असं होईल की तुम्ही मराठीत विचाराल आणि ती उत्तर जर्मनमध्ये देईल. रागवू नका, चूक दाखवू नका, तिचं म्हणणं मराठीत परत म्हणून पुढे बोलत राहा. रात्री झोपताना एक मराठी गोष्ट, मोठ्याने वाचून, रोज. व्हिडिओ कॉलवर "आज्जीला पोएम म्हणून दाखव" असलं काही करायला लावू नका, त्याने मुलं फोनपासून पळतात. त्यापेक्षा आजीने आपलं काम करत बोलावं, नारळ खवताना, भाजी चिरताना, पोर बघत बसते आणि शब्द आपोआप जातात. चवथीच्या आधी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधताना फोन समोर ठेवा, एकेक फळाचं, पानाचं नाव आजी सांगेल.

किटा चर्चचा आहे असं तुम्ही घाबरत लिहिलंय. जर्मनीत पुष्कळ किटा कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट संस्था चालवतात, आणि आपण गोव्यातली माणसं, आपल्या किती घरांतली मुलं सिस्टरांच्या शाळेत शिकून मोठी झालीत. जेवणाआधी प्रार्थना होईल, ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सुमाराला मुलं स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतील. आपली दिवाळी त्याच्याच थोडी मागेपुढे असते. तुम्ही किटात विचारून एक आकाशकंदील नेऊन लावा, बायका खूश होतात आणि तुमच्या मुलीला कळतं की घरचं इथेही चालतं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं, कारण माझं उत्तर सगळ्यांना लागू होणार नाही. तुमचा मुक्काम आठ दहा महिन्यांचाच असता तर मी म्हटलं असतं एवढा विचारच करू नका, जिथे प्रेमळ बाई आहे तिथे घाला. जर्मनीतून पुढे लंडन किंवा दुबईला जायचं जवळजवळ ठरलेलं असेल तर इंग्लिशचं पारडं थोडं जड होतं. मुलीला ऐकण्याचा, बोलण्याचा काही त्रास असेल तर जिथे त्याची वेगळी मदत मिळते तीच जागा, मग भाषा कुठलीही. आणि किटा बघून तुमच्या पोटात गोळा आला, कोणी मुलांशी तुसडेपणाने वागताना दिसलं, तर माझं हे सगळं लांबलचक उत्तर बाजूला ठेवा आणि दुसरा शोधा.

जागेच्या बाबतीत, म्युनिकला नोंदणी किटा फाइंडर प्लस या ऑनलाइन पोर्टलवरून होते आणि वर्ष सप्टेंबरला सुरू होतं हे तुम्हाला आता माहीत झालंच असेल. जर्मनीत २०१३ च्या ऑगस्टपासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा जागेवर कायदेशीर हक्क आहे, पण हक्क जागेवर आहे, तुमच्या आवडीच्या किटावर नाही, म्हणून चालत जाण्यासारखी जागा हातात आलीय तर ती सहज सोडण्यासारखी नाही. लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा. मार्च २०२० पासून तिथे किटात जायला गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस. आपल्याकडे एमआरचे (गोवर-रुबेला लसीचे) डोस नऊ महिन्यांनंतर आणि मग दीड वर्षाच्या आसपास दिलेले असतात, ते कार्ड तिथल्या मुलांच्या डॉक्टरांना आधीच दाखवून त्यांच्याकडून लिहून घ्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको. कपड्यांत पावसाची रबरी पँट, गमबूट आणि घरात घालायच्या चपला लागतात, सगळ्यावर नाव घाला. पाऊस असला तरी मुलांना बाहेर नेतात, सर्दी होईल म्हणून तुमचा जीव वरखाली होईल, पण आपण पावसाळ्यात वाढलेली माणसं, अंग कोरडं आणि गरम असलं की मुलाला काही होत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नातीची काळजीच आहे ती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर माशेलचं घर आहे, जिथे घरी ठेवलेलं मूलही दिवसभर शेजारच्या चार पोरांत असतं. म्युनिकच्या फ्लॅटमध्ये घरी ठेवलेलं मूल म्हणजे आई आणि मोबाईल, बस. तीन वर्षांच्या पुढे मुलाला मुलं लागतात. त्यांना मधला मार्ग सांगा की किटात तासांचं बुकिंग असतं, दिवसभर ठेवलंच पाहिजे असं नाही, सुरुवातीला चार पाच तासच घ्या, दुपारी जेवायला घरी, पुढे रुळली की वाढवा.

तुम्ही लिहिलंय की किटाला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. त्याआधी एकदा सकाळी मुलीला घेऊन जाऊन या, वर लिहिलंय ते बघा, आणि ठीक वाटलं तर हो म्हणून टाका. त्याच मेलमध्ये रुळवण्याची तारीख आणि ठरलेल्या बाईचं नाव विचारा, आणि मुलगी वापरते ते आठ दहा शब्द, पाणी, शू, भूक, आई, नको, दुखतं, हे मराठी आणि कोंकणी दोन्हीत, उच्चार जर्मन अक्षरांत लिहून द्या. माझ्या मुलीने असाच कागद दिला होता, तो त्या बाईंनी कपड्यांच्या खुंट्यांजवळ चिकटवला आणि नातू "पाणी" म्हणाला की पेला हातात मिळायचा. पहिल्या दोन आठवड्यांनंतर कसं चाललंय ते लिहा, ती तिथे काय खेळते आणि घरी येऊन काय बोलते एवढं लिहिलंत तरी मला पुढचं सांगता येईल.